‘सर्व्हर व्यस्त आहे’: खेळाडूला बाहेर काढणाऱ्या एका ओळीचा इतिहास

३० ऑक्टोबर २०२०. पब्जी मोबाईल या खेळाची भारतातील सेवा या दिवशी संपली. बंदीचा आदेश जवळजवळ दोन महिन्यांपूर्वी, २ सप्टेंबरलाच निघाला होता आणि ॲप स्टोअरमधून खेळ हटलाही होता. पण ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता, त्यांचा डाव मधल्या काळात चालूच राहिला. ऑक्टोबरच्या शेवटी तोही थांबला.

या बंदीनंतर खेळ उघडू पाहणाऱ्या अनेक भारतीय खेळाडूंना स्क्रीनवर एक इंग्रजी ओळ दिसत असे. तिचा अर्थ असा: सर्व्हर व्यस्त आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. तिच्याच शेजारी बारीक अक्षरांत एक सांकेतिक शब्द असे, ‘रिस्ट्रिक्ट एरिया’, म्हणजे प्रतिबंधित प्रदेश.

एकाच चौकटीतली ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत. व्यस्त असलेला सर्व्हर तासाभराने मोकळा होतो. प्रतिबंधित प्रदेश कितीही थांबले तरी मोकळा होत नाही. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तिथल्या खेळाडूने ही ओळ वाचून काय समजावे? गावाचे नेट गेले, फोन बिघडला, कंपनीने हाकलले, की दिल्लीतून आदेश आला? या चार शक्यतांचे उपाय चार वेगळे आहेत, आणि चौथीला तर खेळाडूच्या हातात उपायच नाही.

खेळातून बाहेर काढणाऱ्या संदेशांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला यंत्रांनी आणि माणसांनी वेळोवेळी दिलेल्या आणि टाळलेल्या उत्तरांचा इतिहास होय. सविस्तर धागा.

सुरुवात १९७८ सालची, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठातली. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहिला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. चित्र नाही, ध्वनी नाही, केवळ शब्द. पण एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी अनेक माणसे वावरत होती, आणि आजच्या सगळ्या ऑनलाइन खेळांचे मूळ तिथे आहे.

संगणक विद्यापीठाचा होता. बाहेरून फोनच्या तारेने येणाऱ्या खेळाडूंना त्यामुळे रात्रीची, विद्यापीठाला यंत्राची गरज नसलेली वेळ मिळे. सकाळ झाली की डाव बंद. या काळातली हकालपट्टी घड्याळाने होत असे आणि तिचे कारण प्रत्येकाला ठाऊक असे. संदेश अस्पष्ट असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्राचा मालक आणि त्याचा नियम दोन्ही डोळ्यांसमोर होते.

यंत्रे एकमेकांना जोडली गेली आणि हे सोपेपण संपले. पाठवलेला संदेश वाटेतल्या दहा-बारा यंत्रांतून जाणार असेल, तर तो कुठे अडकला हे पाठवणाऱ्याला सांगायचे कोणी? सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी यासाठी एक नियमपत्र प्रसिद्ध केले. त्यात ‘गंतव्य स्थान गाठता येत नाही’ असा एक संदेश होता आणि त्याची सहा कारणे शून्य ते पाच अशा आकड्यांनी दिली होती. नेटवर्कच सापडत नाही, यंत्र सापडत नाही, यंत्र सापडले पण त्यावरचे अपेक्षित दार, म्हणजे पोर्ट, बंद आहे, अशी ती कारणे. टपाल खात्याच्या ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यांची आठवण यावी, अशी ही रचना आहे.

१९८९ मध्ये या यादीत भर पडली. नव्या कारणांपैकी दोन लक्षात ठेवण्याजोगी आहेत. त्यांचा आशय असा: या नेटवर्कशी किंवा या यंत्राशी संपर्क ‘प्रशासकीयरीत्या निषिद्ध’ आहे. म्हणजे तार शाबूत आहे, यंत्र चालू आहे, कोणीतरी मनाई केली आहे. बिघाड आणि मनाई यांतला भेद सांगणारी भाषा इंटरनेटजवळ पब्जीवरील बंदीच्या तीस वर्षे आधीपासून होती. ती वापरायची की नाही हे मात्र मनाई करणाऱ्याच्या मर्जीवर राहिले, आणि मनाई करणारे बहुधा गप्प राहणेच पसंत करतात.

१९८३ हे या इतिहासातले विशेष वर्ष. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने त्या वर्षी आपल्या युनिक्स प्रणालीची नवी आवृत्ती काढली. नेटवर्कवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना चुका कळवण्यासाठी तिच्यात क्रमांक ठरवलेले होते. ५४ म्हणजे समोरच्याने जोडणी तोडली. ६० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. ६१ म्हणजे जोडणी नाकारली. दहा वर्षांनी विंडोजसाठी अशीच व्यवस्था उभी राहिली तेव्हा तिच्या रचनाकारांनी हेच क्रमांक घेतले आणि प्रत्येकात दहा हजार मिळवले. विंडोजवर ऑनलाइन खेळणाऱ्या जगभरच्या मुलांना पुढे ज्यांनी छळले ते १००५४ आणि १००६० हे आकडे असे जन्मले. वरवर अर्थशून्य वाटणाऱ्या त्या आकड्याची शेवटची दोन अक्षरे बर्कलीची आहेत.

या तीन क्रमांकांतला फरक मोलाचा आहे. ५४ आणि ६१ मध्ये समोर कोणीतरी आहे आणि त्याने उत्तर दिले आहे, मग ते उत्तर नकाराचे का असेना. ६० मध्ये फक्त शांतता आहे. आणि शांततेचे कारण यंत्राला कधीच कळत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, अमेरिकेतील मेरीलँड येथील लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांच्यापुढे बिघडलेल्या नेटवर्कचा प्रश्न होता. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज पाण्यात जातो, आदळतो, परततो. परतण्याच्या वेळेवरून अंतर कळते. मूस यांनी तीच कल्पना घेऊन एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला सोनारच्या आवाजाचे नाव दिले: पिंग. ‘तुझा पिंग किती येतोय?’ हा प्रश्न आज मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात रोज विचारला जातो. तो मूळचा बिघाड शोधणाऱ्या एका अभियंत्याचा प्रश्न आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. हट्टा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. सेवा मोठ्या शहरांपासून सुरू झाली होती आणि जोडणी फोनच्या तारेवरूनच होती. या काळातला हकालपट्टीचा संदेश होता ‘नो कॅरियर’. हेज कंपनीने १९८१ मध्ये काढलेल्या मोडेमने रूढ केलेल्या उत्तरांपैकी हे एक, क्रमांक तीन. तारेवरची वाहक लहर नाहीशी झाली, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या कोणी आतल्या खोलीतला जोडफोन उचलला तरी तो येऊ शकत असे. संदेश रुक्ष होता खरा, पण खोटा नव्हता.

मोडेमच्या मंद गतीवर वेगवान खेळ खेळायचा कसा, या प्रश्नाने खेळांची रचनाच बदलली. ‘क्वेक’ हा खेळ जून १९९६ मध्ये आला. तो कार्यालयांतल्या वेगवान नेटवर्कवर उत्तम चाले. घरच्या फोनतारेवर मात्र कळ दाबल्यानंतर पाऊल पडायला वेळ लागे. त्याचे जनक जॉन कार्मॅक यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘क्वेकवर्ल्ड’ ही सुधारित आवृत्ती दिली. तिच्यात खेळाडूचा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पुढचे पाऊल स्वतःच अंदाजाने दाखवू लागला. उत्तर आले की अंदाज दुरुस्त केला जाई.

आजचे वेगवान खेळही याच पायावर उभे आहेत, आणि त्याचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जोडणी तुटल्यावरही काही क्षण खेळाडूला आपण धावत आहोत असे दिसत राहते. प्रत्यक्षात सर्व्हरच्या लेखी तो एकाच जागी उभा असतो. काही सेकंद त्याच्याकडून काहीच आले नाही की सर्व्हर त्याचे नाव काढून टाकतो. ‘मी तर पळत होतो, अचानक बाहेर फेकला गेलो’ ही तक्रार म्हणून अर्धीच खरी असते. अचानक काही झालेले नसते. घडून गेलेली गोष्ट उशिरा कळलेली असते.

दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत सायबर कॅफे उघडले. काउंटर-स्ट्राइक तिथे खेळला जाई तो बहुधा एकाच खोलीतल्या तारेवर, बाहेरच्या इंटरनेटशिवाय. हकालपट्टीची कारणे तेव्हा पुन्हा डोळ्यांसमोरची झाली: भारनियमन, संपलेला तास, किंवा गल्ल्यावर बसलेला मालक.

दूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी मात्र एक नवा प्रकार सुरू झाला होता. फसवणूक पकडणारे प्रोग्रॅम आले. काउंटर-स्ट्राइकसाठी २००२ मध्ये आलेल्या ‘वॅक’ या व्यवस्थेने लबाडी सापडल्याबरोबर शिक्षा न देता मुद्दाम काही काळ थांबून देण्याचे धोरण ठेवले. कोणत्या युक्तीमुळे पकडले गेलो हे लबाडाला कळू नये, हा हेतू. हेतू रास्त आहे. पण इथून एक सवय रुजली. खेळाडूला कारण सांगणे हा धोका आहे, असे कंपन्या मानू लागल्या, आणि प्रामाणिक खेळाडूही त्याच धुक्यात सापडला.

१५ मे २०१२ रोजी ‘डायब्लो ३’ हा खेळ आला. तो एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरशी जोडणी अनिवार्य होती. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडले आणि जगभरच्या स्क्रीनवर ‘त्रुटी ३७’ झळकली: सर्व्हर व्यस्त आहेत, नंतर प्रयत्न करा. विकत घेतलेला खेळ स्वतःच्याच घरात उघडता येईना, याचा संताप मोठा होता. तरी या संदेशाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सर्व्हर खरोखरच व्यस्त होते. दोन वर्षांनी आलेल्या ‘डेस्टिनी’ या खेळाने तर आकडेच टाकून दिले आणि त्रुटींना प्राण्यांची, भाज्यांची नावे दिली. गोम म्हणजे एक बिघाड, कोबी म्हणजे दुसरा. नाव पाठ व्हावे ही सोय झाली; अर्थ कंपनीच्या मदत-पानावरच राहिला.

हट्ट्यासारख्या गावांत हे सारे पोहोचले ते फोनमधून. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पब्जी मोबाईल आला. संगणक न पाहिलेली मुले शंभर जणांच्या डावात उतरली. त्यांच्या फोनला मात्र इंटरनेटवर बहुधा स्वतःचा वेगळा पत्ता नव्हता. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपत आल्याने मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि कोणाचे पॅकेट कोणाला द्यायचे याची तात्पुरती नोंद ठेवतात. थोडा वेळ हालचाल झाली नाही की ती नोंद पुसली जाते. वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेले की पत्ताच बदलतो. दोन्ही वेळा सर्व्हरला तो खेळाडू अनोळखी वाटू शकतो.

अंतराचाही हिशेब आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हट्टा ते मुंबई हवाई अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. जाऊन-येऊन पाच मिलिसेकंदांच्या आत. सिंगापूर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तिथे जाऊन परतायला तार सरळ असती तरी किमान ३५ मिलिसेकंद लागले असते, आणि समुद्राखालची तार सरळ नसते. कोणतेही ‘पिंग कमी करणारे’ ॲप ही मर्यादा ओलांडू शकत नाही. पिंग तीनशेवर गेला असेल तर दोष सिंगापूरचा नसून बहुधा गावातल्या टॉवरवरच्या गर्दीचा असतो.

आता पुन्हा २०२० कडे. २ सप्टेंबरच्या आदेशाने ११८ ॲपवर बंदी आली. आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९अ. ती यादी सरकारने जाहीर केली होती. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला कारण ठाऊक होते. पण या कलमाखालच्या २००९ च्या नियमांत सोळावा नियम असा आहे की तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत काटेकोर गोपनीयता पाळावी. त्याची छाया २०२२ मध्ये दिसली. क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी भारतासाठी स्वतंत्र आवृत्ती आणली होती, बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. २८ जुलै २०२२ रोजी ती ॲप स्टोअरमधून नाहीशी झाली. आदेश मिळाल्याचे गुगलने सांगितले; यावेळी मात्र २०२० सारखी यादी सरकारने प्रसिद्ध केली नाही. खेळ काल होता, आज नाही, एवढेच खेळाडूंना दिसले.

याउलट इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये एक नवा क्रमांक अधिकृत केला होता: ४५१. संकेतस्थळ कायदेशीर कारणाने बंद केले असेल तर ‘सापडत नाही’ असे न म्हणता हा क्रमांक दाखवावा आणि बंदी कोणी घालायला लावली तेही शक्यतो सांगावे, अशी अपेक्षा त्यात आहे. टिम ब्रे यांनी तो सुचवला. पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरील रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीच्या नावातून तो घेतला आहे. मनाईला मनाई म्हणण्याचा हा प्रयत्न ऐच्छिक आहे. खेळांच्या जगात तो क्वचितच दिसतो.

अस्पष्ट संदेशाची किंमत कोण मोजते? ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हे वाक्य खरे मानणारी मुले. कॅशे पुसणे, फोन पूर्ण रिकामा करणे, परक्या देशाचा पत्ता दाखवणारे व्हीपीएन टाकणे, अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाइल बसवणे, असे उपाय हातोहात फिरतात. बंदीवर यांतला शेवटचा उपाय तर रोगापेक्षा वाईट. फोनमधील बँकेचे ॲप आणि घरच्यांचे ओटीपी त्या फाइलच्या शेजारीच असतात.

आणखी एक शांतता असते, संपूर्ण इंटरनेट थांबवण्याची. २०१७ च्या नियमांनी त्याची पद्धत ठरवली. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवण्यात आले. अशा वेळी हट्ट्यातल्या खेळाडूला जालन्याचा साथीदार मैदानात थिजलेला दिसतो आणि काही सेकंदांनी त्याचे नाव मावळते. जालन्यातल्या स्क्रीनवर येते तो जुना ६० क्रमांकच: वेळ संपली. तुटलेली तार, बंद पडलेला टॉवर आणि सरकारी आदेश, तिघांनाही यंत्राजवळ हाच एक शब्द आहे.

म्हणून तपास संदेशापासून सुरू करण्यात फारसा अर्थ नसतो. तो जवळून दूर जावा लागतो. आधी फोनची तारीख आणि वेळ, कारण ती चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी होतच नाही. मग घरातल्या राउटरला पिंग. तिथून उत्तर आले तर दोष घराबाहेर. मग एखादे मोठे, नेहमी चालू असणारे ठिकाण. तेही उत्तर देत असेल तर गावाचे नेट शाबूत. मग दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या मित्राकडे तोच खेळ उघडतो का हे पाहणे. त्याचा उघडला तर प्रश्न आपल्या मोबाईल कंपनीचा किंवा आपल्या खात्याचा. त्याचाही नाही तर सर्व्हरचा. आणि परभणीपासून पुण्यापर्यंत कोणाचाच उघडत नसेल, तर फोनला हात न लावता बातम्या पाहाव्यात. १९८८ च्या सुमारास व्हॅन जेकबसन यांनी लिहिलेला ट्रेसरूट प्रोग्रॅम हेच काम टप्प्याटप्प्याने करतो. वाटेतले प्रत्येक यंत्र पोस्टेल यांच्याच नियमपत्रातला ‘मुदत संपली’ हा संदेश परत पाठवते आणि त्यातून सारी वाट उलगडते, निदान जिथपर्यंत यंत्रे बोलायला तयार असतात तिथपर्यंत.

मे २०२३ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडियाला तीन महिन्यांच्या चाचणीसाठी परवानगी मिळाली आणि महिनाअखेरीस खेळ परतला. सोबत वेळेची मर्यादा आली: अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास, इतरांना सहा. एसेक्समधल्या त्या रात्रींनंतर साडेचार दशकांनी खेळाडूला पुन्हा घड्याळ बाहेर काढू लागले.